आधी पडदा, मग ड्रेसिंग

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी एखाद्या बाईंनी पाणी पिणं जवळजवळ सोडलं असेल, तर मळमळतंय का हे विचाराच, पण त्याआधी एकदा बेडच्या आजूबाजूला नजर टाका. समोरच्या बेडपाशी पुरुष नातेवाईक ठाण मांडून बसलेत का? पडद्याचं चाक मोडलंय का? भांडं मागितलं की मावशींच्या कपाळाला आठ्या पडतात का? बऱ्याच वेळा कारण तिथंच सापडतं. पाणी प्यायलं की लघवीला लागणार, लघवीला लागलं की चारचौघांत भांडं मागावं लागणार, म्हणून पाणीच नको. मग तोंड कोरडं पडतं, लघवी गडद होते, शौचाला खडा होतो आणि कुंथताना टाक्यांवर ताण येतो. केसपेपरवर मात्र "तोंडावाटे कमी घेते" एवढीच नोंद असते.

सर्जिकल नर्सिंगमध्ये रुग्णाचा मान राखणं म्हणजे गोड बोलणं, असा एक समज आहे. गोड बोलावंच. पण लाज वाटली की माणूस लपवतो, आणि ऑपरेशन झालेल्या माणसाने लपवलेली गोष्ट आपल्याला उशिरा कळते. जांघेतल्या टाक्यांतून पाणी येतंय हे दोन दिवस न सांगणारा माणूस अडाणी नसतो. राउंडला दहा जण उभे असताना त्याला लुंगी सोडायची नसते, एवढंच. म्हणून मान राखण्याचं काम आपल्या हातांच्या क्रमात बसलं पाहिजे: आधी सांगणं, मग आडोसा, मग जेवढं लागेल तेवढंच उघडं करणं, आणि काम झालं की आपण स्वतः झाकून निघणं.

सुरुवात बोलण्यापासून करू. मराठीत हे लगेच उघडं पडतं, कारण आपलं क्रियापदच सगळं सांगून टाकतं. ओपीडीत "या काका, बसा" म्हणणारी तीच माणसं, काकांच्या अंगावर हिरवा गाऊन चढला की "सरक वर, पाय पसर" म्हणायला लागतात. शिव्या कोणी देत नाही, आवाजही चढत नाही, फक्त 'तुम्ही'चा 'तू' होतो. रुग्णाला तो बरोबर ऐकू येतो. आजी, काका, मावशी ही हाक आपल्याकडे चालते, अनेकांना ती आवडते, पण तिच्यापुढे अहो-जाहोच हवं, आणि पहिल्या भेटीत "तुम्हाला काय म्हणू?" हे विचारून घ्यावं. शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिकेला आजी म्हटलेलं रुचेलच असं नाही. "सात नंबरचं गॉलब्लॅडर पाठवा" ही हाक तर बंदच व्हावी. ती मानाच्या दृष्टीने वाईट आहेच, शिवाय चुकीचा रुग्ण ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) जाण्याची वाट तिथूनच सुरू होते. पूर्ण नाव त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं, मनगटावरच्या पट्टीशी ताडायचं.

संमतीपत्राची वेळही सांभाळायची असते. ट्रॉलीवर झोपवल्यावर, गुंगीचं औषध दिल्यावर अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. आदल्या दिवशी, बसलेल्या माणसाशी बसून, त्याच्या भाषेत बोलून सही घ्यायची. काय कापणार, काय काढणार, नळ्या किती असतील, पोटावर पिशवी लागू शकते का, हे समजावून सांगण्याचं काम डॉक्टरांचं. पण रुग्णाला ते कळलं नाही हे पहिल्यांदा आपल्या लक्षात येतं, म्हणून डॉक्टरांना परत बोलावण्याचं काम आपलं. सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या बाईच्या ऑपरेशनला तिचीच संमती लागते. नवऱ्याची सही घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, पण ती तिच्या सहीच्या जागी चालत नाही. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. तपासणीच्या दुर्बिणीसाठी दिलेल्या संमतीवर, रुग्ण भुलेत असताना, आईला विचारून गर्भाशय काढणं न्यायालयाने बेकायदा ठरवलं.

ओटीच्या आदल्या दिवसापासून रुग्णाच्या अंगाशी आपला संबंध सुरू होतो, आणि इथं सगळ्यांत जास्त दुखावणारं काम म्हणजे पार्ट प्रिपरेशन, म्हणजे ऑपरेशनच्या जागेवरचे केस काढणं. संध्याकाळी, भरल्या वॉर्डात, एकच ब्लेड आणि साबणाचं पाणी घेऊन मामा (वॉर्डबॉय) येतात आणि छातीपासून मांडीपर्यंत सगळं साफ करून जातात. हे आता शास्त्रालाही धरून नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 2016 ची शिफारस अशी की केस शक्यतो काढूच नयेत. काढावेच लागले तर फक्त क्लिपरने (केस कातरायच्या मशीनने) काढावेत, वस्तरा किंवा ब्लेड कधीच वापरू नये. ब्लेडने कातडीला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात, रात्रभरात त्यांत जंतू वाढतात आणि जखम चिघळायला कारण मिळतं. तेव्हा सर्जनना विचारा: काढायचेत का, आणि नेमके कुठले? हर्नियासाठी संपूर्ण छाती लागत नाही. क्लिपरचं डोकं प्रत्येक रुग्णाला नवीन, वेळ ऑपरेशनच्या शक्य तितकी जवळ, जागा आडोशाची, आणि हात रुग्णाच्याच लिंगाच्या व्यक्तीचे. तृतीयपंथी रुग्ण असेल तर कोणाकडून काम करून घ्यायला आवडेल हे त्यांनाच विचारायचं, तर्क करायचा नाही.

एनिमाची (गुदद्वारातून औषध किंवा पाणी सोडून पोट साफ करण्याची) गंमत अशी नसते की दिला आणि सुटलो. पाच-दहा मिनिटांत जोराची कळ येते. एका संडासाच्या वॉर्डात तीन जणांना लागोपाठ एनिमा दिला तर तिसऱ्याचे कपडे खराब होणार हे गणित आधीच मांडलेलं असतं, आणि ती नामुष्की माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही. आधी संडास रिकामा आहे, बादलीत पाणी आहे, कडी लागते आहे हे बघा. म्हातारं माणूस असेल तर बेडपॅन किंवा कमोडची खुर्ची जवळ ठेवा. मग डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी, अंगावर चादर, आणि चादर फक्त तेवढ्याच जागेवरून बाजूला. एकाचं उरकलं की दुसऱ्याचं.

दागिने आणि दोरे हा आपल्याकडचा खास नाजूक विषय. कॉटरी (रक्त थांबवायला वापरतात ते विजेवरचं उपकरण) वापरताना अंगावरच्या धातूमुळे भाजण्याचा धोका असतो, बोटं सुजली की अंगठी अडकते, गळ्यातलं भूल देताना आड येतं; म्हणून काढायला लागतं. पण "मंगळसूत्र काढा" हे वाक्य घाईत म्हटलं की बाईंच्या डोळ्यांत पाणी येतं. कारण सांगावं, घरच्या माणसाच्या हातून, बेडवरच, ओटीच्या दारात नव्हे, काढून घ्यावं. जोडवी निघत नसतील तर साबणाचं पाणी लावून बघावं, तरीही न निघाली तर सर्जन आणि भूलतज्ज्ञांना तसं सांगावं. आणि करदोटा. पोटाच्या ऑपरेशनला तो मध्येच येतो, म्हणून न विचारता कात्रीने कच्चकन कापला जातो. साठ वर्षांच्या माणसाच्या कमरेला तो लहानपणापासून असतो. "काका, हा सोडावा लागेल, गाठ मी सोडू की तुम्ही?" एवढं विचारायला दहा सेकंद लागतात. गाठ फारच घट्ट असेल तर विचारून कापावा. दोरा असो, चांदीचा असो, जानवं असो की ताईत, नाव लिहिलेल्या पाकिटात घालायचा आणि दागिन्यांच्या वहीत नोंदवायचा.

कवळी, चष्मा आणि कानाचं यंत्र ओटीच्या दारापर्यंत राहू द्या. वॉर्डातच काढून ठेवलं तर त्या आजी पुढचा तासभर बोळक्या तोंडाने, धूसर नजरेने, काही न ऐकता अनोळखी माणसांत असतात. नाव विचारलं तर भलतंच उत्तर देतात, आणि आपण "गोंधळलेली" असं लिहून मोकळे होतो. कानाचं यंत्र तर भूलतज्ज्ञांच्या परवानगीने भूल देईपर्यंत ठेवता येतं.

गाऊन मागून उघडा असतो. नाड्या तुटलेला गाऊन धोब्याकडून आला तर तो परत पाठवा, चिकटपट्टी लावून चालवून घेऊ नका. चालत जाणाऱ्या रुग्णाला दुसरा गाऊन उलटा, समोरून उघडा असा वरून घालायला द्या, पाठ झाकली जाते. हाताच्या किंवा डोळ्याच्या ऑपरेशनला सुती चड्डी काढायची गरज सहसा नसते. ओटीच्या नियमात बसतं का ते एकदा विचारून ठेवा. पाळी सुरू आहे का हे एकांतात विचारा, पॅड ठेवता येतं हे सांगा, कप किंवा टॅम्पॉन असेल तर काढायला सांगा. नऊवारीत आयुष्य गेलेल्या आजींना डोक्यावर पदर नसणं हे गाऊनपेक्षाही अवघड जातं. त्यांना ओटीची टोपी वॉर्डातच घाला आणि चादर खांद्यावरून घ्या. ट्रॉली लिफ्टपाशी थांबते तेव्हा चादर पायांपर्यंत आहे ना, लघवीची पिशवी चादरीआड, पण मूत्राशयाच्या पातळीखाली आहे ना, हे बघणारी व्यक्ती ट्रॉलीसोबत असलीच पाहिजे.

ओटीत दोन गोष्टी सतत विसरल्या जातात. स्पायनल (पाठीतून कमरेखालची भूल) दिलेला माणूस जागा असतो, हे पहिलं. कमरेखालचं बधिर झालं तरी कान शाबूत असतात. त्याच्या वजनाबद्दलचा शेरा, शेजारच्या टेबलावरच्या केसची चर्चा, सुट्टीच्या अर्जावरून वाद, सगळं त्याच्यापर्यंत पोचतं. स्पायनलला बसवताना पाठ उघडी लागते, छाती नव्हे. पुढून चादर धरून एक सिस्टर समोर उभी राहिली की रुग्णाला आधारही मिळतो आणि पाठीचा बाक नीट येतो. हात आर्मबोर्डला (हात ठेवायच्या फळीला) बांधताना "सलाईन हलू नये म्हणून पट्टी लावतेय" हे आधी सांगा, नाहीतर बांधून घातल्यासारखं वाटतं. हात खांद्यापासून 90 अंशांच्या आतच ठेवा, नाहीतर नसा ताणल्या जातात.

दुसरं, भूल लागल्यावर माणसाला काही कळत नाही म्हणून तो उघडाच पडून राहतो. कॅथेटर (लघवीची नळी) घालणं आणि लिथॉटॉमीची, म्हणजे पाय वर करून फाकवण्याची पोझिशन देणं, हे भूल लागल्यानंतर करावं हे बरोबर, तोच त्याचा मान आहे. पाय दोघांनी मिळून एकाच वेळी वर घ्यायचे आणि एकाच वेळी हळूहळू खाली आणायचे. एकेक करून उचललं तर कंबर पिळवटते आणि झटकन खाली सोडलं तर रक्तदाब कोसळतो. पण पाय वर करून, सर्जन हात धुऊन येईपर्यंत तसंच ठेवायचं कशासाठी? तोवर चादर टाका. उघडं अंग भराभर थंड होतं आणि शरीराचं तापमान 36 अंशांच्या खाली गेलं की रक्तस्राव आणि जखमेचा संसर्ग दोन्ही वाढतात. त्या एका चादरीने अब्रू आणि ऊब दोन्ही राखली जातात. ऑपरेशन संपलं की बीटाडीनचे डाग पुसून, गाऊन घालून, मगच जागं करा. मोबाइलवर फोटो काढायचा असेल तर तो उपचारासाठी आहे का आणि रुग्णाची परवानगी आहे का, हे विचारायचा आपल्यालाही अधिकार आहे.

वॉर्डात परतल्यावर खरी कसोटी लागते, कारण इथं दिवस जास्त आणि माणसं कमी. तीस बेडना दोन पडदे असतील तर ते येण्याजाण्याच्या वाटेकडे आणि समोरच्या बेडकडे आधी लावा, भिंतीकडे नाही. संध्याकाळी एक गोष्ट तपासा: रुग्णाच्या मागे दिवा असेल तर पातळ पडद्यावर त्याची सगळी सावली उमटते. आतल्या बाजूने दिसत नाही, बाहेर सगळ्यांना दिसते. दिवा बदला किंवा पडद्यावर ड्रॉ शीट (बेडवर आडवी घालायची चादर) टाका.

स्पायनलनंतर लघवी अडणं नेहमीचं आहे, विशेषतः हर्निया, मूळव्याध अशा ऑपरेशनांनंतर. पाय हलायला लागले तरी मूत्राशय उशिरा जागं होतं, त्यात आडवं पडून, लोकांसमोर लघवी होत नाही. सहा-आठ तास झाले, ओटीपोट फुगलं की कॅथेटर टाकला जातो, आणि कॅथेटरबरोबर संसर्गाचा धोकाही येतो. त्याआधी एवढं करून बघा: पडदा लावा, नातेवाईकांना बाहेर थांबवा, रक्तदाब ठीक असेल आणि पायात जोर आला असेल तर पुरुषाला आधार देऊन बेडशेजारी उभं करून युरिनल द्या, नळ सोडा, आणि त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहा. बऱ्याच जणांची लघवी सुटते. नाहीच झाली तर तास मोजत बसू नका, डॉक्टरांना कळवा.

बेडपॅन देणं हे खालच्या दर्जाचं काम समजून मावशींवर सोडलं जातं, म्हणून ते वाईट होतं. स्टीलचं भांडं गरम पाण्याने धुऊन, पुसून द्या; गार पत्रा लागला की अंग आक्रसतं. गुडघे वाकवून कंबर उचलता येत असेल तर उत्तम, नाहीतर कुशीवर वळवून, भांडं धरून परत पाठीवर. खुब्याच्या रुग्णाला बसकं भांडं, चांगल्या बाजूने. डोक्याकडची बाजू वर करा, झोपून शौचाला होत नाही. अंगावर चादर, हाताशी घंटा, आणि आपण पडद्याबाहेर, पण हाकेच्या अंतरावर. दहा मिनिटांहून जास्त ठेवू नका, कातडी दबते. आपल्या माणसांना कागदाने पुसून स्वच्छ वाटत नाही, तेव्हा भांड्यावर असतानाच मगमधून कोमट पाणी ओता. हात चालत असतील तर त्यांनाच धुऊ द्या, बाईंना पुढून मागे धुवायला सांगा, मग कोरडं करा. शेवटी साबणाने हात धुवायला पाणी. हे शेवटचं हमखास राहून जातं, आणि तो माणूस त्याच हातांनी जेवणाकडे बघत बसतो. भांडं नेताना झाकण किंवा कापड टाका.

स्पंजिंगला (बेडवरच ओल्या फडक्याने अंग पुसायला) पाणी भांड्यात 43 ते 46 अंश, म्हणजे कोपराला सुखद गरम, बदलत राहा. एका वेळी एकच अवयव उघडा, धुवा, पुसा, झाका, मग पुढचा. चेहरा पहिला, जांघा शेवटी, आणि तिथं पोचल्यावर ओलं फडकं रुग्णाच्या हातात द्यायचं: "हे तुम्ही पुसता का? मी पडद्याबाहेर आहे."

पुरुषांच्या लाजेची दखल आपण फारच कमी घेतो. पूर्व विदर्भात हत्तीरोगामुळे हायड्रोसील (अंडकोषाभोवती पाणी साचून सूज) झालेले अनेक पुरुष वर्षानुवर्षं कोणाला सांगत नाहीत, आणि ऑपरेशनला आले की त्यांना रांगेत उभं करून तपासलं जातं. एकेकाला आत घ्या. आणि वॉर्डात त्याच्या आजाराचं नाव मोठ्याने घेऊ नका, गावचाच कोणी शेजारच्या बेडवर असतो.

स्टोमाची (मैला बाहेर येण्यासाठी पोटावर केलेल्या तोंडाची) पहिली पिशवी बदलताना रुग्ण पोटाकडे बघत नाही, आपल्या चेहऱ्याकडे बघतो. नाक मुरडलं, मान फिरवली, तर घरी जाऊनही तो स्वतःच्या पोटाकडे तसाच बघणार. खिडकी आधी उघडा, सामान आधी मांडा, म्हणजे मध्येच उघडं सोडून पळावं लागत नाही. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. जड झाली की ओढली जाऊन सुटते, आणि भेटीच्या वेळी सुटली तर तो माणूस पुढे कोणाला भेटायला तयार होत नाही. पिशवीच्या, कातडीला चिकटणाऱ्या चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापा. जास्त मोठं झालं तर मैला कातडीला लागून ती सोलवटते, घट्ट झालं तर स्टोमाला काचतं. शिकवताना पहिल्या दिवशी नुसतं बघणं, दुसऱ्या दिवशी क्लिप त्यांच्या हातात, मग स्वतः रिकामी करणं. स्तन काढलेल्या बाईंच्या पहिल्या ड्रेसिंगलाही असंच: "आज बघायचंय का, की नंतर?" आणि सोबत कोण हवं तेही विचारायचं. ड्रेनचा (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीचा) डबा हातात धरून फिरण्यापेक्षा शिवलेल्या कापडी पिशवीत खांद्याला अडकवून दिला तर त्या चालायला लागतात, आणि चालणं हेच तर आपल्याला हवं असतं.

कागदांचाही मान असतो. फाइलवर लाल शाईत 'एचआयव्ही' किंवा बेडला मोठं स्टिकर लावणं हे 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक केलेल्या गोपनीयतेच्या विरुद्ध आहे आणि त्याचा उपयोगही नाही. ग्लोव्ह्ज, सुया टाकण्याची पद्धत, हात धुणं हे प्रत्येक रुग्णाला सारखंच करायचं असतं. ज्याची तपासणी झालेलीच नाही तो रुग्ण काही कमी धोक्याचा नसतो. राउंडला विद्यार्थी असतील तर चादर खाली करण्याआधी रुग्णाला विचारलं जावं, आणि विचारलं गेलं नाही तर चादरीचं टोक आपल्या हातात असतं. "सर, पडदा लावते" एवढं म्हणून पडदा ओढायचा. पुरुष डॉक्टर बाईंना तपासत असताना तिथं स्त्री कर्मचारी असणं हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतला हक्क आहे, आणि महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी असं 2021 चे नियम सांगतात.

रात्रपाळीला एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण असतात, हे खरंच आहे, आणि तिथं सगळं जमत नाही. माणसं वाढवून मागितलीच पाहिजेत. पण पडदा ओढायला, 'अहो' म्हणायला आणि काम झाल्यावर चादर वर घ्यायला लागणारा वेळ सेकंदांत मोजता येतो. रात्री त्यातलं एकच जमणार असेल, तर शेवटचं करा. उघडं पडून सिस्टर परत येण्याची वाट बघणाऱ्या माणसाला तास फार मोठा वाटतो.

डिस्चार्जच्या वेळी आंघोळ कधी, जड कधी उचलायचं, शौचाला घट्ट झालं तर काय, शरीरसंबंध कधी, हे सगळं सांगायचं असतं, आणि शेवटचा मुद्दा काउंटरवर बिलाच्या रांगेत सांगता येत नाही. बाजूला बसवून, रुग्णाला हवं असेल तर जोडीदारासकट सांगा. मग दागिन्यांची वही काढा, पाकीट त्यांच्यासमोर उघडा, मोजून द्या, सही घ्या. करदोटा परत हातात आला की बरेच जण लगेच बांधायला जातात. टाके निघून जखम पूर्ण भरेपर्यंत तो खिशात ठेवायला सांगा, आणि पायजम्याची किंवा परकराची नाडी जखमेच्या वर किंवा खाली, जिथं काचणार नाही तिथं, एकदा बांधून दाखवायला सांगा.